जुनं रंधा मशीन पाहायला जाताना

प्रश्न : बंद पडलेल्या एका कारखान्यातलं रंधा मशीन (सरफेस प्लेनर) विकायला आहे. नेमप्लेट नाही, टेबलांवर गंज आहे, मोटर थ्री फेज आहे. काय पाहून ठरवावं?

उत्तर : गंज आणि मोटर, दोन्हींना घाबरू नका. वरवरचा गंज रॉकेल आणि बारीक पॉलिश पेपरने निघतो, मोटर बदलता येते. बिडाचं कास्टिंग मात्र पुन्हा मिळत नाही, म्हणून आधी टॉर्च घेऊन तडे शोधा. ब्लॉकजवळचे (दोन टेबलांमधल्या, पाती बसवलेल्या फिरत्या दंडगोलाजवळचे) टेबलांचे ओठ, टेबल ज्यावर सरकतं त्या डोव्हटेल खाचांचे कोपरे आणि बोल्टांभोवतीचा भाग नीट पाहा. पितळी रेघ दिसली तर तडा ब्रेझिंगने सांधलेला आहे. फेन्सच्या (फळी टेकवायच्या उभ्या पट्टीच्या) ब्रॅकेटवर तो चालतो. डोव्हटेलमध्ये असेल तर मशीन सोडून द्या. एकाच जागी ताजा रंग असेल तर तिथे खरवडून बघू देता का, ते विचारा.

मग दोन्ही टेबलं एका पातळीत आणा आणि खात्रीची सरळपट्टी लांबीत व तिरकी, दोन्हीकडून ठेवा. ०.१ मिमीचं फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) कुठे जेमतेम शिरलं तर हरकत नाही. टेबलांची बाहेरची टोकं ०.३ मिमीने खाली असतील तर गिबचे (डोव्हटेलमधली ढिलाई काढणाऱ्या पट्टीचे) स्क्रू आवळून पुन्हा मोजा. फट गेली तर गिब सैल होती. तशीच राहिली तर डोव्हटेल झिजलं आहे. तिथे पातळ पत्र्याच्या शिम घालाव्या लागतात आणि ते काम वेळखाऊ आहे. टोकं झुकलेली असली की फळीची कड मधोमध पोकळ होते. रंधलेल्या दोन कडा एकमेकींवर ठेवून उजेडाकडे धरा : मध्ये उजेड दिसला तर टेबलं झुकलेली, टोकांना दिसला तर टोकं वर आलेली.

ब्लॉक चौकोनी असेल तर, मशीन कितीही देखणं असलं तरी, घेऊ नका. त्याच्या सपाट बाजूंमुळे टेबलाशी मोठी पोकळी राहते आणि बोट आत खोल ओढलं जातं. गोल ब्लॉकच हवा. वीज तोडून बेल्ट काढा आणि ब्लॉक हाताने फिरवा. खरखर ऐकू आली तर बेअरिंग गेलं आहे. ते किरकोळ काम. बेअरिंगवर ६२०५ असा आकडा असतो. त्यातल्या शेवटच्या दोन अंकांना पाचने गुणलं की आतला व्यास मिळतो, इथे २५ मिमी. पण बेअरिंगच आपल्या घरात (ते बसतं त्या खोबणीत) हलत असेल तर घर झिजलंय, आणि ते मशीन शॉपचं काम आहे.

ओळख पटवताना एक घोटाळा नेहमी होतो. कास्टिंगवर उठावात आलेला आकडा साच्याचा असतो, त्या मॉडेलच्या सगळ्या मशीनांवर तोच. सिरियल नंबर पंच मारून उठवलेला असतो. टेबलाची कड किंवा ब्लॉकचं टोक पुसून पाहा. मोटरच्या प्लेटवरून मशीन ठरवू नका, मोटर नंतर बदललेली असू शकते. प्लेटवर २३०/४०० व्होल्ट असेल तर डेल्टा जोडणी (२३० व्होल्टसाठीची) करून सिंगल फेजच्या व्हीएफडीवर (सिंगल फेजमधून थ्री फेज वीज देणाऱ्या उपकरणावर) ती चालते.

प्रश्न : आणि जुना बँडसॉ (दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टी-पात्याची करवत)?

उत्तर : रबर टायर, गाइड, पातं यांची काळजी नको, ते सगळं बदलतं. चाक वर आणि खाली धरून हलवा : खटखट झाली तर बेअरिंग. चाकाच्या आऱ्यांना किंवा रिमला तडा, वेल्डिंग दिसलं तर घेऊ नका.