वाचकांचे प्रश्न : बेपत्ता जवानांसाठी कायदा मागताना

प्रश्न : मी डिचोली तालुक्यातील निवृत्त हवालदार आहे. माझे मामा १९७१ च्या युद्धात पश्चिम सीमेवर बेपत्ता झाले. त्यांच्या मृत्यूची खात्री कोणीच दिली नाही, म्हणून आजीने शेवटपर्यंत म्हाळात त्यांच्या नावाचे पान वाढू दिले नाही. युद्धकैदी आणि बेपत्ता जवानांसाठी कायदा व्हावा, असे निवेदन आम्ही गावातील माजी सैनिक देणार आहोत. ते कोणाकडे द्यावे आणि त्यात नेमके काय मागावे?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : पुरावा नसताना आपल्या आजींनी मुलाचा मृत्यू मान्य केला नाही. शासनानेही तो पुराव्याशिवाय मान्य करू नये, हीच आपल्या निवेदनातील पहिली मागणी असावी.

सात वर्षे ज्याची काहीच खबर नाही तो हयात असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर टाकणारी तरतूद जुन्या साक्ष कायद्यात होती आणि ती २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. निवृत्तिवेतन, वारसा, जमिनीची कागदपत्रे यांसाठी कुटुंबाला तिचा आधार लागतो, म्हणून तिला विरोध करू नये. मात्र मृत्यूच्या अशा गृहीतकाचा लाभ कुटुंबाने घेतला म्हणून जवानाचा शोध संपला असे मानता येणार नाही, हे वाक्य कायद्यात स्पष्ट शब्दांत यायला हवे.

युद्धकैद्यांविषयीचा १९४९ चा तिसरा जिनिव्हा करार भारत आणि पाकिस्तान या दोघांनाही बंधनकारक आहे. प्रत्यक्ष लढाई थांबल्यावर कैद्यांना विनाविलंब सोडावे, असे त्याचे ११८ वे कलम सांगते. सत्तराव्या कलमानुसार पकडलेल्या प्रत्येक सैनिकाला छावणीत पोहोचल्यापासून फार तर आठवडाभरात घरी आणि रेड क्रॉसच्या मध्यवर्ती संस्थेकडे एक कार्ड पाठवू द्यावे लागते. हाताच्या पंजाएवढे ते कार्ड. त्यावर नाव, हुद्दा, क्रमांक, जन्मतारीख, प्रकृती आणि सध्याचा पत्ता. तेवढे एक कार्ड डिचोलीला पोहोचले असते, तर आपल्या आजींचे सारे आयुष्य वेगळे गेले असते. आपला १९६० चा जिनिव्हा करार अधिनियम करारांच्या गंभीर भंगासाठी शिक्षा सांगतो, पण बेपत्ता जवानाच्या कुटुंबाला चौकशीचा किंवा माहितीचा हक्क देत नाही. ही उणीव निवेदनात ठळकपणे मांडावी.

केंद्र सरकारने संसदेत ८३ जवान बेपत्ता असल्याचे सांगितले असून त्यांत १९७१ च्या ५४ जणांचा समावेश आहे. पाकिस्तान आपल्याकडे असा कोणीही नसल्याचे सांगतो. २००७ मध्ये काही नातेवाइकांनी तिथल्या तुरुंगांत जाऊन शोध घेतला, तोही निष्फळ ठरला. आपल्या गोव्यात तर याच्या नेमके उलट घडले होते : डिसेंबर १९६१ मध्ये शरण आलेले तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक गव्हर्नर जनरलसह इथल्या छावण्यांत होते आणि मे १९६२ मध्ये ते मायदेशी परतले.

निवेदनात एक भेद जरूर करावा. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळ, म्हणजे तेव्हाच्या आपल्याच केंद्रशासित प्रदेशाच्या किनाऱ्यापलीकडे, ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडाली आणि १८ अधिकारी व १७६ नौसैनिक गेले. त्यांतील बहुतेकांचे देह मिळाले नाहीत, पण काय घडले ते ठाऊक आहे. आपल्या मामांचे काय झाले हेच ठाऊक नाही. या दोन्ही प्रकारच्या नोंदी एकाच रकान्यात घातल्या, तर शोधण्याजोगी प्रकरणेही त्यांत बुडून जातात.

नमुना म्हणून अमेरिकेचा १९९६ चा कायदा पाहावा. तो बेपत्ता सैनिकांच्या कुटुंबांनी आणि माजी सैनिकांच्या संघटनांनी अनेक वर्षांच्या पाठपुराव्याने मिळवला. केवळ काळ लोटला म्हणून कोणालाही मृत ठरवता येणार नाही, चौकशी मंडळापुढे बेपत्ता सैनिकाच्या बाजूने वकील असेल, या त्यातील तरतुदी मला सर्वांत मोलाच्या वाटतात. त्याच वर्षी त्यातील काही भाग वगळण्यात आला आणि मग त्यासाठी पुन्हा लढावे लागले, हेही आपल्या मंडळींनी ध्यानात ठेवावे.

आंतरराष्ट्रीय न्यायालयात जाण्याची मागणी मुख्य करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पाकिस्तानसह राष्ट्रकुल देशांशी असलेले वाद भारताने त्या न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत आणि भारताने पाडलेल्या विमानाबद्दल पाकिस्तानने १९९९ मध्ये दाखल केलेले प्रकरण २००० साली याच कारणाने तिथे टिकले नाही. तीच अट आपल्याही आड येईल.

संरक्षण हा केंद्राचा विषय असल्याने गोवा विधानसभा असा कायदा करू शकत नाही, पण केंद्राला शिफारस करणारा ठराव घेऊ शकते. आपल्या आमदारांना तो खासगी ठराव म्हणून मांडण्याची विनंती करावी. संसदेसाठी गोव्याच्या लोकसभेतील दोन आणि राज्यसभेतील एका खासदाराकडे जावे. सभागृहापुढे येणाऱ्या रीतसर याचिकेवर सदस्याची प्रतिस्वाक्षरी लागते, त्यामुळे नुसते निवेदन हातात ठेवून परतू नये.

आणि मसुद्याच्या पहिल्याच पानावर, आपल्या सह्यांच्याही वर, मामांचे नाव, पलटण आणि सेवा क्रमांक लिहावा.