तिसऱ्या परिच्छेदातलं एक वाक्य

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या भाषणाचा मसुदा मिळाला. दोनदा वाचला, दुसऱ्यांदा मोठ्यानं, कारण भाषण कानाला कसं लागतं ते डोळ्यांना कळत नाही. ‘माध्यमांनी तरुण पिढी बिघडवली’ या विषयाच्या विरोधात तू उभी राहणार आहेस, याचा मला आनंद आहे. आपल्यामागून आलेली मुलं बिघडली असं प्रत्येक पिढी म्हणत आली आहे. कधी कादंबऱ्यांकडे बोट दाखवून, कधी सिनेमाकडे, मग टीव्हीकडे, आता मोबाइलकडे. तेव्हा जोरात बोल. पण तिसऱ्या परिच्छेदातलं एक वाक्य मला खटकलं, आणि हे पत्र त्या एकाच वाक्यासाठी आहे. तू लिहिलंयस, ‘मी स्वतः हे सगळं रोज पाहते, तरी माझ्यावर त्याचा काही परिणाम होत नाही, परिणाम होतो तो ज्यांना स्वतःचा विचार करता येत नाही त्यांच्यावर.’

हे वाक्य खोड. ते खोटं आहे, आणि ते तुला खरं वाटतंय याची मला काळजी वाटते.

डब्ल्यू. फिलिप्स डेव्हिसन नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं १९८३ साली नेमक्या याच समजुतीवर बोट ठेवलं. माध्यमांचा परिणाम माझ्यावर होत नाही, तुझ्यावरही फारसा नाही, तो ‘त्यांच्यावर’ होतो, असं माणसाला वाटतं. व्याकरणातला तृतीय पुरुष घेऊन त्यानं या प्रकाराला ‘तृतीय पुरुष परिणाम’ असं नाव दिलं. नंतर कितीतरी देशांत कितीतरी जणांनी हे तपासून पाहिलं आणि पुन्हा पुन्हा तेच दिसलं. मी संकलन शिकवायचे तेव्हा पहिल्याच तासाला मुलांना विचारायचे, जाहिरातींना कोण भुलतं? उत्तर ठरलेलं असायचं, ‘लोक’. त्या ‘लोकां’मध्ये स्वतःला मोजणारा विद्यार्थी मला फार उशिरा भेटला.

आता तुझाच मसुदा बघ. आजच्या तरुणांपुढचे म्हणून तू पाच प्रश्न मांडलेस. चांगले मांडलेस. पण ते पाचही प्रश्न गेल्या दोन-तीन आठवड्यांत बातम्यांत गाजत होते, जवळजवळ त्याच क्रमानं. तुझी धाकटी बहीण वर्षभर ज्यातून गेली, ज्याबद्दल तू मला चार पानी पत्र लिहिलं होतंस, तो प्रश्न त्या पाचांत नाही. तो तू विसरली नाहीस हे मला ठाऊक आहे. पण ‘समाजाचा प्रश्न’ म्हणून यादी करायला बसलीस तेव्हा तो तुला सुचलाच नाही, कारण पडद्यावर तो कुणी दाखवला नव्हता. मॅक्सवेल मॅककोम्ब्स आणि डोनाल्ड शॉ या दोन माध्यम-अभ्यासकांनी १९६८ च्या अमेरिकी निवडणुकीत चॅपल हिल या गावातल्या १०० अनिश्चित मतदारांना विचारलं होतं, तुमच्या मते महत्त्वाचे प्रश्न कोणते? मतदारांनी दिलेला क्रम आणि बातम्यांनी दिलेला क्रम विलक्षण जुळत होता. त्या प्रश्नांवर कुणाचं मत काय हा भाग वेगळा. मत तुझंच असतं गं. कशावर मत बनवायचं, ते आधीच ठरून आलेलं असतं.

आता मी केलेली एक गोष्ट सांगते. ती मी तुला आजवर सांगितली नव्हती.

मी तेव्हा एका बातम्यांच्या वाहिनीत संकलक होते. एका अपघाताच्या चौकशीसंदर्भात एका अधिकाऱ्याची मुलाखत झाली होती. फुटेज माझ्याकडे आलं तेव्हा प्रसारणाला तासभरसुद्धा नव्हता. अगदी पहिल्या, साध्या प्रश्नानंतर तो माणूस चार सेकंद गप्प बसला होता, खाली पाहत, मग त्यानं उत्तर दिलं. नऊ-दहा प्रश्नांनंतर त्याला विचारलं, ‘चूक तुमच्या खात्याची होती का?’ त्यावर तो लगेच बोलला होता, सलग आणि नीट. मला सांगण्यात आलं की ही मुलाखत सपाट वाटते. मी ते चार सेकंद उचलले आणि ‘चूक तुमची होती का’ या प्रश्नामागे लावले. मधे प्रश्न विचारणाऱ्याचा चेहरा टाकला, म्हणजे जोड दिसणार नाही. त्याचं खरं उत्तर त्या चार सेकंदांनंतर ठेवलंच होतं. एकही शब्द बदलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ज्यानं त्यानं मला तेच सांगितलं, ‘बघितलंत, कसा गप्प झाला!’ त्याचं उत्तर कुणालाही आठवत नव्हतं. हे सांगणाऱ्यांत शिकलेली, विचार करणारी, वाचणारी माणसं होती. तुझ्यासारखी. त्या माणसाची माफी मागायचं धैर्य मला कधी झालं नाही. ते चार सेकंद आजही माझ्या मनात आहेत.

लेव्ह कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकानं हे शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिलं होतं. एका नटाचा निर्विकार चेहरा, आणि त्याला जोडून कधी सूपचं भांडं, कधी शवपेटीतली मुलगी, कधी कोचावर रेललेली स्त्री. चेहरा प्रत्येक वेळी तोच. प्रेक्षकांना मात्र त्यात भूक दिसली, दुःख दिसलं, वासना दिसली. अर्थ त्या चित्रात नसतो, दोन चित्रांच्या सांध्यात असतो आणि तो आपण स्वतः भरतो. म्हणून तो आपला वाटतो. बाहेरून कुणी सांगितलेली गोष्ट आपण तपासून घेतो, स्वतःच काढलेला निष्कर्ष कोण तपासतं? बुद्धिमान माणूस सांधा जास्त चटकन भरतो, एवढाच फरक.

तुझ्या समोरच्या बाजूचे लोक बहुधा अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग काढतील. मोठ्या माणसानं फुगीर बाहुलीला बडवलेलं पाहून लहान मुलांनीही तिला बडवलं, तो १९६१ चा प्रयोग. त्यावर तू म्हणशील की ती बाहुली मारण्यासाठीच बनवलेली होती, प्रयोगशाळेतला अर्धा तास म्हणजे आयुष्य नव्हे. बरोबर आहे, म्हण. पण त्याचा १९६५ चा प्रयोग वाचल्याशिवाय म्हणू नकोस. त्यात मुलांना चित्रफीत दाखवली होती, आणि काहींच्या चित्रफितीत बडवणाऱ्याला शेवटी शिक्षा होताना दिसत होती. त्या मुलांनी नक्कल कमी केली. मग सगळ्यांना सांगितलं की जे पाहिलं ते करून दाखवलंत तर बक्षीस मिळेल. तेव्हा शिक्षा पाहिलेल्या मुलांनीही जवळजवळ तेवढंच करून दाखवलं. शिकली सगळीच होती, नुसतं दिसत नव्हतं. ‘मी पाहते, पण तसं वागत नाही’ हा तुझा पुरावा इथे गळून पडतो. न वागताही आपण शिकून बसलेले असतो.

फिजीची गोष्ट तर तुला माहीतच असायला हवी. नाद्रोगा हा तिथला भाग. भरदार शरीर म्हणजे चांगलं शरीर, अशी तिथली जुनी धारणा. तिथे १९९५ मध्ये टीव्ही आला. ॲन बेकर या संशोधक डॉक्टरांनी टीव्ही येता येता शाळकरी मुलींची पाहणी केली आणि पुन्हा १९९८ मध्ये. वजन कमी करण्यासाठी खाल्लेलं मुद्दाम उलटून टाकणारी मुलगी पहिल्या खेपेला एकही नव्हती. दुसऱ्या खेपेला शंभरात अकरांहून थोड्या अधिक होत्या. मुली थोड्या होत्या, प्रत्येक वेळी साठ-पासष्ट, आणि दोन्ही वेळच्या मुली वेगळ्या. म्हणून हा आकडा काठीसारखा कुणाच्या डोक्यात घालू नकोस. पण त्या मुलींशी बोलताना बेकरबाईंना जे ऐकू आलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आवडत्या मालिकांतल्या बायकांसारखं व्हायचंय, असं त्या मोकळेपणानं सांगत होत्या. बारीक हो असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. मागच्या भेटीत तू आरशासमोर स्वतःबद्दल जे बोललीस, ते मी ऐकलं होतं. तेव्हा गप्प बसले, म्हणून आता लिहिते. तो आवाज तुझा नव्हता. तुझा चेहरा, तुझी उंची, तुझे दंड यांत सुधारण्यासारखं काही आहे असं तुला सतत वाटायला लावणं हा कुणाचा तरी धंदा आहे.

आता दुसरी बाजू, कारण तुझी बाजू मुळात भक्कम आहे आणि तुला ती जिंकायची आहे. ज्या वाटेनं हे सगळं आत येतं त्याच वाटेनं चांगलंही येतं. ब्राझीलमधल्या लोकप्रिय मालिकांतल्या बहुतेक नायिकांना मूल नसे किंवा एकच असे. कुटुंब लहान ठेवा असा उपदेश त्या मालिकांनी केला नव्हता. पण त्या दाखवणाऱ्या वाहिनीचं प्रसारण जसजसं एकेका भागात पोचत गेलं तसतसा तिथला जन्मदर घटला, असं २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. भारतातल्या खेड्यांवरचा रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थशास्त्रज्ञांचा २००९ मधला अभ्यासही काढून वाच. केबल आल्यावर, नवऱ्यानं बायकोला मारणं योग्य आहे असं मानणाऱ्या बायका कमी झाल्या, मुलगाच हवा हा आग्रहही कमी झाला. हे तुझ्या बाजूचं सगळ्यात मोठं शस्त्र आहे. पण ते हातात घ्यायचं तर माध्यमांचा परिणाम होतो हे आधी मान्य करावं लागेल. चांगला परिणाम होतो आणि वाईट होत नाही, असं कुठल्याही परीक्षकापुढे टिकणार नाही.

मोबाइलबद्दल थोडंच लिहिते, त्यातलं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. बोटानं सरकवत गेलं तरी न संपणारं पान एझा रास्किन या संगणक-रचनाकारानं २००६ मध्ये तयार केलं, आणि पुढे त्यानंच त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. पुस्तकाचं प्रकरण संपतं, मालिकेचा भागही संपतो, आणि तिथे ‘पुरे’ म्हणायला जागा मिळते. त्या पानात ती जागाच काढून टाकली आहे. तेव्हा रात्री दीड वाजेपर्यंत जागी राहिलीस म्हणून स्वतःला कमकुवत म्हणवून घेऊ नकोस. झोपेच्या खोलीबाहेर फोन ठेव, एवढंच कर. आणि जे पुढे पाठवतेस त्यात तू प्रेक्षक राहत नाहीस, वाहिनी होतेस. ट्विटरवरच्या २००६ ते २०१७ या काळातल्या सुमारे १,२६,००० बातम्यांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्के जास्त होती, आणि त्याला कारण आपोआप बातम्या पुढे पाठवणारी यंत्रं (बॉट) नव्हती, माणसं होती. खोटं जास्त नवलाईचं असतं, आणि नवल सांगायला आपल्याला आवडतं.

मग करायचं काय, असं तू विचारशील. सगळं बंद कर असं मी सांगणार नाही. माझं अर्धं आयुष्य त्या पडद्यामागे गेलं, मी त्यावर प्रेम केलं आहे, आणि चांगली बातमी, चांगली मालिका माणसाला किती मोठं करते ते मी पाहिलं आहे. एक वही घाल. आठवड्यातून एकच बातमी निवड आणि ती तीन ठिकाणी पाहा. पहिलं चित्र कोणतं होतं ते लिही. कोण बोललं, कोणाला किती वेळ मिळाला, आणि जिच्याबद्दल बातमी होती ती व्यक्ती स्वतः बोलली का, तेही लिही. प्रश्न आणि उत्तर एकाच चौकटीत, न तुटता दिसलं का ते बघ. मधेच विचारणाऱ्याचा चेहरा आला तर मला आठव. शेवटी एका ओळीत लिही की हे पाहून तुला काय वाटलं, राग, भीती, कीव, जे असेल ते. पंधरा दिवसांनी तीच ओळ पुन्हा वाच.

आणि भाषणात त्या खोडलेल्या वाक्याच्या जागी तुझ्यावर झालेला एक परिणाम सांग. खरा, नेमका, कोणत्या दिवशी आणि काय पाहून झाला त्यासकट. समोरच्या बाजूला याचं उत्तर देता येणार नाही, कारण जो आपल्यावरचा परिणाम ओळखतो त्याला बिघडलेला म्हणणं कठीण आहे. तुझी बहीण त्या दिवशी ऐकायला येणार असेल तर तिला आधी विचार, कदाचित तिच्याबद्दल बोललेलं तिलाही चालेल. ‘नको’ म्हणाली तर मात्र एक शब्द नको.

नवा तिसरा परिच्छेद रविवारपर्यंत पाठव. मोठ्यानं वाचून बघते आणि कळवते.

तुझी,
ताई