वाचकांचे प्रश्न : जंतूंच्या जिनोमवरून रोगाचा माग

प्रश्न : क्षयरोग किंवा कॉलरा नेहमीच्या चाचणीत कळतोच. मग त्याच नमुन्याचे जिनोम सिक्वेन्सिंग, म्हणजे जंतूचा सगळा जनुकीय मजकूर (जिनोम) अक्षरन् अक्षर वाचणे, कशासाठी? आणि रोग कोणाकडून कोणाला लागला, हे त्यातून खरोखर कळते का?

उत्तर : नेहमीची चाचणी एका रुग्णापुरते बोलते, त्याचा जंतू आणि दूरच्या गावातल्या रुग्णाचा जंतू एकाच साखळीतले आहेत का, हे तिला सांगता येत नाही. क्षयाच्या जिवाणूचा जिनोम सुमारे ४४ लाख अक्षरांचा असतो आणि त्यातले एखादे अक्षर बदलायला साधारण दोन-तीन वर्षे जातात. त्यामुळे दोन रुग्णांच्या जिवाणूंत पाच किंवा त्याहून कमी अक्षरांचा फरक निघाला, तर संसर्ग अलीकडचा असावा असे धरून आरोग्य कर्मचारी दोघांच्या भेटीगाठी, कामाच्या जागा आणि प्रवास तपासू लागतात. हाच फरक शंभरावर गेला, तर एकाच इमारतीतल्या दोन रुग्णांचाही परस्परांशी संबंध नाही हे ठरते आणि बरीच पायपीट वाचते. माझ्या मते हा दुसरा उपयोग पहिल्याइतकाच मोलाचा आहे, पण त्याची बातमी होत नाही.

कोणाकडून कोणाला, हे मात्र नुसत्या जिनोमवरून क्वचितच सांगता येते. कोविडच्या विषाणूच्या सुमारे ३० हजार अक्षरांपैकी महिन्याला साधारण दोनच बदलतात, आणि संसर्ग तर काही दिवसांतच पुढे जातो. साहजिकच एका घरातल्या चौघांच्या विषाणूंचे जिनोम पुष्कळदा हुबेहूब सारखे येतात.

हैतीमध्ये ऑक्टोबर २०१० मध्ये कॉलरा पसरला, तेव्हा तिथल्या जिवाणूंचा जिनोम त्याच वर्षी नेपाळमध्ये मिळालेल्या जिवाणूंशी जवळजवळ तंतोतंत जुळला. पण या पुराव्याला वजन आले ते प्रत्यक्ष पाहणीमुळे : नेपाळहून आलेल्या, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या छावणीतली घाण ज्या ओढ्यात जात होती, त्याच्याच खालच्या अंगाच्या वस्तीत सुरुवातीचे रुग्ण सापडले होते. म्हणूनच नमुन्याच्या नळीसोबत तो कधी आणि कुठे घेतला याची नोंद प्रयोगशाळेत पोहोचली नाही, तर महागडे यंत्र चालवूनही हाती नुसता अक्षरांचा ढीग राहतो.