दोन्ही झोपेच्याच गोळ्या, मग आईची धडधड का वाढली?

प्रश्न: डॉक्टर, आई ६४ वर्षांची आहे, बरीच वर्षं सकाळ-रात्र अल्प्राझोलाम ०.५ घ्यायची. मागच्या आठवड्यात नवीन डॉक्टरांनी ती एकदम बंद करून रात्रीसाठी झोल्पिडेम ५ दिली. झोप लागते, पण दिवसभर धडधड, उगाच काळजी, हात थरथरतात. मेडिकलवाला म्हणतो दोन्ही झोपेच्याच गोळ्या, सेम आहेत. खरंच का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: मेडिकलवाल्याचं अर्धंच बरोबर आहे. दोन्ही गोळ्या मेंदूतल्या गाबा-ए नावाच्या रिसेप्टरवरच, म्हणजे पेशीवर केमिकल चिकटण्याच्या जागेवरच, काम करतात. गाबा हे मेंदूला शांत करणारं केमिकल, ते चिकटलं की क्लोराइड पेशीत शिरतं आणि पेशी गप्प बसते, गोळी फक्त हा परिणाम वाढवते. पण हा रिसेप्टर पाच तुकडे जोडून बनतो, त्यातल्या अल्फा तुकड्याचेच सहा प्रकार आहेत आणि खरी गंमत तिथे आहे. अल्प्राझोलाम, डायझेपाम ही एकाच कुळातली मंडळी अल्फा १, २, ३, ५ अशा चौघांचीही बेल वाजवतात, झोल्पिडेम मात्र मुख्यतः अल्फा १ चीच.

मग कोण काय करतं हे कसं कळलं? १९९९ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी उंदरांच्या अल्फा १ मध्ये १०१ नंबरचं एकच अमिनो आम्ल (प्रथिनाच्या साखळीतली एक कडी) बदललं, हिस्टिडीनच्या जागी आर्जिनिन. गाबाचं काम पहिल्यासारखंच चालू, पण डायझेपामला तिथे आता थारा नाही. उंदीर उजेडात यायला घाबरतो, भीती कमी झाली की उजेडाच्या खोलीत जास्त वेळ काढतो, तर या उंदरांना डायझेपाम दिल्यावर ते उजेडात फिरत होते पण सुस्तावत नव्हते! पुढच्या वर्षी तोच बदल अल्फा २ मध्ये केला तर बरोबर उलटं झालं, सुस्ती आली पण भीती काही गेली नाही. म्हणजे गुंगी अल्फा १ कडून, काळजी कमी होणं मुख्यतः अल्फा २ कडून.

हे कळल्यावर अर्थातच कंपन्या 'गुंगी न आणणारी काळजीची गोळी' शोधायला धावल्या. एक औषध प्राण्यांत छान चाललं आणि माणसांना दिल्यावर माणसं पेंगायला लागली, उंदरावरून माणसाचं गणित इतकं सरळ नसतं.

आता आईचं. झोल्पिडेमने झोप आली पण काळजीवर जे औषध चालू होतं ते गेलं, हा एक भाग. पण हात थरथरतात हे वाचून मला जास्त शंका येतेय ती अल्प्राझोलाम अचानक तोडल्याची, वर्षानुवर्षं घेतलेली ही गोळी हळूहळूच कमी करायची असते, नाहीतर फिटसुद्धा येऊ शकते. त्यामुळे उद्यावर न ढकलता आजच डॉक्टरांना फोन करा आणि 'एकदम बंद केली' हे स्पष्ट सांगा. स्वतःच्या मनाने जुनी गोळी परत सुरू करू नका. फिट आली किंवा आई असंबद्ध बोलायला लागली तर सरळ हॉस्पिटल गाठा.

झोल्पिडेमचा ५ चा डोस ठीक आहे, बायकांच्या शरीरातून ती हळू बाहेर पडते म्हणून अमेरिकेच्या एफडीएनेही २०१३ मध्ये त्यांचा डोस १० वरून ५ वर आणायला सांगितलं. फक्त गोळी घेतली की थेट अंथरुणात, मग ओटा आवरणं, गॅसजवळ जाणं काही नको, कारण या गोळीवर काही लोक झोपेतच उठून कामं करतात आणि सकाळी त्यांना काहीच आठवत नाही.