एमएसडब्ल्यू ऑनलाइन होतं, फील्डवर्क होत नाही

प्रश्न : ताई नमस्कार, मी नागपूरची, त्रिमूर्तीनगरला राहते. बीएसडब्ल्यू (समाजकार्याची पदवी) झालंय आणि सध्या एका संस्थेत वस्तीपातळीवर काम करतेय. डिसेंबरमध्ये लग्न आहे, होणारे मिस्टर अमेरिकेत डॅलसला एच-वन-बीवर (नोकरीचा व्हिसा) आहेत म्हणजे मी एच-फोरवर (जोडीदाराचा व्हिसा) जाणार. घरचे म्हणतात तिकडचं ऑनलाइन एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स) इथूनच सुरू करून टाक, जाईपर्यंत अर्धं होऊन जाईल आणि डिग्री हातात आली की लायसन्स मिळतंच. खरंच असं असतं का? नाव छापू नका प्लीज.

उत्तर : नाव नाही छापत बेटा, आणि लग्नाच्या खूप शुभेच्छा. पण घरच्यांना सांग, डिग्री आणि लायसन्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत लायसन्स देशाचं नसतं, राज्याचं असतं, त्यामुळे आधी कॉलेज शोधत बसू नकोस, डॅलस ज्या राज्यात आहे त्या टेक्सासचं बोर्ड काय मागतं ते वाच आणि त्यावरून कोर्स ठरव.

तर ते काय मागतात, एमएसडब्ल्यू सीएसडब्ल्यूईची मान्यता असलेल्या कोर्समधून हवं (समाजकार्याच्या शिक्षणाला तिकडे हीच कौन्सिल मान्यता देते), मग एएसडब्ल्यूबीची (राज्यांच्या बोर्डांची संघटना, लायसन्सच्या परीक्षा तीच घेते) मास्टर्स लेव्हलची परीक्षा, शिवाय टेक्सासच्या कायदे-नियमांवरची एक वेगळी परीक्षा, की एलएमएसडब्ल्यू हे मास्टर्स लेव्हलचं लायसन्स मिळतं. स्वतःची प्रॅक्टिस टाकून थेरपी करायची असेल तर एवढ्याने भागत नाही, त्याला एलसीएसडब्ल्यू हे क्लिनिकल लायसन्स लागतं आणि त्यासाठी एलएमएसडब्ल्यू झाल्यावर सुपरव्हायझरच्या हाताखाली ३००० तास काम, तेही कमीत कमी दोन वर्षांत, आणि नंतर क्लिनिकल परीक्षा. म्हणजे डिग्रीनंतर अजून दोन-तीन वर्षं धरून चाल. तासांचे आकडे राज्याराज्यात बदलतात, उद्या मिस्टरांचा जॉब दुसऱ्या राज्यात गेला तर तिथले नियम पुन्हा पहिल्यापासून वाचावे लागतील.

आता ऑनलाइनचं. मान्यता असलेलं ऑनलाइन एमएसडब्ल्यू पूर्ण चालतं, लायसन्सच्या दृष्टीने बोर्ड त्यात फरक करत नाही, डॅलसच्या शेजारीच असलेल्या आर्लिंग्टनच्या टेक्सास युनिव्हर्सिटीतसुद्धा ऑनलाइनचा पर्याय आहे. पण लेक्चर लॅपटॉपवर झाली तरी कमीत कमी ९०० तासांचं फील्डवर्क प्रत्यक्ष संस्थेत जाऊनच करावं लागतं, आणि बहुतेक युनिव्हर्सिट्या ते अमेरिकेबाहेर करू देत नाहीत. म्हणजे नागपुरात बसून दोन-चार थिअरीचे विषय फार तर निघतील, अर्धी डिग्री नाही निघत. माझं मत विचारशील तर आधी तिकडे जा, घर लागू दे, मग अॅडमिशन घे.

तुझ्याकडे एक चांगली गोष्ट आहे ती म्हणजे बीएसडब्ल्यू. सीएसडब्ल्यूईची परदेशी डिग्र्या तपासून देणारी सेवा आहे, तिथून तुझं बीएसडब्ल्यू मान्य झालं तर बऱ्याच ठिकाणी अॅडव्हान्स्ड स्टँडिंगला अर्ज करता येतो, म्हणजे दोन वर्षांचा कोर्स साधारण एका वर्षावर येतो. म्हणून जायच्या आधी ट्रान्सक्रिप्ट, सिलॅबस, फील्डवर्कचे तास लिहिलेलं पत्र, सगळं सही-शिक्क्यानिशी काढून ठेव. लग्नाच्या धावपळीत हे राहून जातं आणि मग सासरहून फोन करकरून इथे भावाला कॉलेजात चकरा मारायला लावाव्या लागतात.

व्हिसाचंही बघ. एच-फोरवर शिकता येतं पण पगारी काम करता येत नाही, वर्क परमिट हवं, आणि ते साधारण नवऱ्याच्या ग्रीन कार्डसाठीची आय-१४० (कंपनीने त्याच्यासाठी केलेला अर्ज) मंजूर झाल्यावरच मागता येतं. बिनपगारी फील्डवर्क चालेल का हे युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसला लेखी विचार, तोंडी उत्तरावर जाऊ नकोस. एफ-वन (स्टुडंट व्हिसा) घ्यायचा विचार असेल तर तिथे पूर्ण ऑनलाइन कोर्स चालत नाही, एका टर्मला एकच ऑनलाइन विषय धरतात.

प्रश्न : मी कळमेश्वरचा, वय ३८, आरोग्य विभागात कंत्राटी. नोकरी सोडता येत नाही म्हणून इग्नूमधून एमएसडब्ल्यू करायचा विचार आहे. भारतात सोशल वर्करला लायसन्स लागतं का? आणि मेडिकलमध्ये (सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) समाजसेवा अधीक्षक होता येईल का?

उत्तर : भाऊ, आपल्याकडे सरसकट सगळ्या सोशल वर्करांना लागेल असं लायसन्स आजपर्यंत नाही, आणि ते असायला हवं असं मला फार वाटतं, कारण आज कोणीही पाटी लावून समुपदेशक होतो. मानसिक आरोग्यात मात्र नियम आहे, २०१७ च्या कायद्यानुसार सायकियाट्रिक सोशल वर्कर म्हणवून घ्यायला एमएसडब्ल्यूवर दोन वर्षांचं पूर्णवेळ एमफिल आणि राज्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याच्या यादीत मेडिकल आणि क्लिनिकल सोशल वर्करही आलेत, त्यामुळे पुढे नोंदणीचा विषय येणार हे धरून चाला.

इग्नूची डिग्री यूजीसीच्या नियमाने रेग्युलरच्या बरोबरीची. तरी भरतीची जाहिरात शब्दन् शब्द वाचा, कोणत्या पदाला कोणतं स्पेशलायझेशन आणि किती अनुभव ते त्यातच असतं. आणि फील्डवर्क इथेही चुकत नाही, साहेबांशी सुट्टीचं आधीच बोलून ठेवा.

ते चुकवूही नका. अधीक्षकाचं काम काय असतं ते मेडिकलला वॉर्डात उभं राहिल्यावरच कळतं. गडचिरोलीकडचा पेशंट भरती आहे, ऑपरेशन महात्मा फुले योजनेत बसतंय पण रेशन कार्ड गावी राहिलं, सोबत फक्त म्हातारी आई, तिला धड मराठी येत नाही, गोंडी बोलते. अशा वेळी गावच्या सरपंचाला फोन लावायचा, कार्डाचा फोटो मागवायचा, म्हातारीला जेवायला पाठवायचं आणि मधेच डॉक्टरला सांगायचं की तिला ऑपरेशन म्हणजे नेमकं काय हेच समजलेलं नाही, तिची सही एवढ्यात घेऊ नका. संध्याकाळी हे सगळं रेकॉर्डिंगमध्ये, म्हणजे फील्डवर्कच्या वहीत, लिहायचं, आपण काय बोललो, ती काय बोलली, आपलं कुठे चुकलं. कोणताही व्हिडिओ हे शिकवत नाही.

प्रश्न : मुलगी सध्या नागपुरात बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका सेंटरवाल्याने सहा महिन्यांत, फील्डवर्कशिवाय, घरबसल्या एमएसडब्ल्यू देतो म्हटलं. घ्यावं का?

उत्तर : नका घेऊ. आपल्याकडे बीएनंतरचं एमएसडब्ल्यू दोन वर्षांचंच असतं. मुलगी नागपुरातच आहे तर तिला रेग्युलरला घाला, काहून दूर जायचं? कमलाताई होस्पेटांनी १९२१ मध्ये सुरू केलेल्या मातृसेवा संघाचं समाजकार्य महाविद्यालय बजाजनगरला आहे, तिरपुडे कॉलेज आहे, दोन्हीकडे जाऊन सीनियर मुलींशी बोला. दूरस्थच करायचं असेल तर यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या साइटवर त्या सत्राच्या यादीत युनिव्हर्सिटीचं आणि कोर्सचं, दोन्ही नावं दिसली पाहिजेत. सेंटरवाल्याला पैसे दिले असतील तर पावती जपा आणि रक्कम आजच लेखी अर्ज देऊन परत मागा.