रात्रीचा थांबा: मोटरहोम प्रवाशांचे प्रश्न

प्रश्न: कॅम्पिंग साइट, मोटरहोमचा थांबा आणि साधं पार्किंग यांत नेमका फरक काय? रस्त्याकडेला मोकळी जागा असेल तर गाडीतच झोपायला काय हरकत आहे?

मोटरहोम म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची आणि शौचालयाची सोय असलेली गाडी. ती उभी करून तुम्ही गाडीबाहेर काय मांडता, यावर बरंच काही ठरतं. कॅम्पिंग साइटवर जागा तुम्ही भाड्याने घेतलेली असते. तिथे कापडी छत उघडता येतं, टेबल-खुर्च्या टाकता येतात, अंघोळीची आणि भांडी घासण्याची वेगळी सोय असते. मोटरहोमच्या थांब्यावर रात्रीपुरती सपाट जागा मिळते आणि जवळपास एक सेवा-खांब असतो. त्यात पिण्याच्या पाण्याचा नळ, सांडपाण्याची जाळी, शौचालयाची टाकी ओतायची मोरी आणि काही ठिकाणी विजेची सॉकेट असतात. युरोपात अशा थांब्यांचं दाट जाळं आहे: फ्रान्समध्ये 'एर', जर्मनीत 'श्टेलप्लात्झ', इटलीत 'आरेआ दी सोस्ता'. अंघोळीची सोय तिथे बहुधा नसते, कारण ती तुमच्या गाडीत आहे असं धरूनच जागा आखलेली असते. मुक्कामाची जागा आणि सेवा-खांब एकाच ठिकाणी असतीलच असंही नाही, तेव्हा दोन्हीचे पत्ते आधीच पाहून ठेवा.

साध्या पार्किंगची कसोटी कडक आहे. चाकं जमिनीवर हवीत आणि गाडीच्या कडेबाहेर काहीही नको. खुर्ची मांडली, छत उघडलं किंवा टेकूचे पाय खाली सोडले की अनेक देशांत त्याला तळ ठोकणं मानतात आणि दंड होतो. जर्मनीत सार्वजनिक पार्किंगमध्ये, तशी बंदी नसेल तर, चालकाला पुन्हा गाडी चालवण्याइतकी विश्रांती मिळावी म्हणून एक रात्र झोपणं मान्य आहे. दुसऱ्या रात्रीला ही सवलत नाही. स्वीडन-नॉर्वेत निसर्गात मुक्तपणे वावरण्याचा हक्क आहे, पण तो पायी चालणाऱ्यांचा आणि तंबूवाल्यांचा. मोटार रस्ता सोडून माळावर नेणं तिथे मना आहे, आणि नेमका याचाच अनेकांचा गैरसमज होतो. फ्रान्समध्ये १९९३पासून चालू असलेल्या 'फ्रान्स पॅशन' योजनेत शेतकरी आणि द्राक्षबागायतदार सभासदांना आपल्या आवारात २४ तास विनामूल्य थांबू देतात. तिथे कसलीही सोय गृहीत धरू नका. पाणी, सांडपाणी, शौचालय, सगळं गाडीतलंच वापरायचं.

जागा कुठलीही असो, उजेडात पोहोचा आणि अर्ध्या तासाच्या अंतरावर दुसरा पर्याय हेरून ठेवा. ज्या थांब्यांवर आरक्षण नसतं, ते संध्याकाळी लवकर भरतात.

प्रश्न: कॅसेट शौचालयाची टाकी ओतताना दरवेळी अंगावर शिंतोडे उडतात. झडपही हल्ली घट्ट सरकते. वासाचा त्रास तर कायमचाच.

कॅसेट म्हणजे शौचालयाखालची, बाहेर काढून रिकामी करायची टाकी. शिंतोडे उडतात कारण पाणी बाहेर पडताना आत हवा जायला वाट नसते, म्हणून ते गचके देत पडतं. टाकीवर हवेचं एक बटण असतं. तोंड पूर्ण खाली झुकल्यावर अंगठ्याने ते दाबा आणि ओतून होईपर्यंत दाबून धरा, मग धार सलग पडेल. तोंड वर असताना मात्र ते दाबू नका, नाहीतर तिथूनच पाणी उडेल.

क्रम असा ठेवा. शौचालयाचं भांडं आणि टाकी यांच्यामधली झडप बंद आहे याची खात्री करूनच टाकी बाहेर ओढा. झडप उघडी राहिली तर टाकी अडकते किंवा झडपच मोडते. टाकीची ओतायची नळी बाहेरच्या बाजूला वळवून टोपण काढा, ते बाजूला कठड्यावर ठेवा (ते मोरीत पडण्याचे प्रकार फार होतात) आणि सावकाश ओता. मग दोन-तीन लिटर पाणी घालून टोपण लावा, टाकी चांगली हलवा आणि पुन्हा ओता. टाकी रिकामी झाल्यावर त्यात सुमारे दोन लिटर पाणी आणि शौचालयाचं वास थांबवणारं द्रावण त्याच्या बाटलीवर दिलेल्या मापाने घाला. हे तळातलं पाणी फार महत्त्वाचं. ते नसेल तर मल तळाला चिकटून सुकतो आणि कुठलंही द्रावण त्याला भेदू शकत नाही. वासाच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ इथेच असतं.

घट्ट झडपेचं कारण कोरडं पडलेलं रबरी सील. ते साध्या पाण्याने पुसून सिलिकॉन तेलाचा पातळ थर द्या. व्हॅसलीन किंवा स्वयंपाकाचं तेल लावू नका. त्याने रबर फुगतं आणि झडप आणखी अडते. घाट चढून वर गेलात की टाकीत दाब साठतो. अशा वेळी झडप आधी किंचित सरकवून दाब जाऊ द्या आणि मगच पूर्ण उघडा.

द्रावण निवडताना फॉर्मल्डिहाइड असलेलं टाळा. ते जंतू मारून वास थांबवतं, पण ओतल्यावर छोट्या मैलाशुद्धीकरण केंद्रातले आणि सेप्टिक टँकमधले उपयोगी जंतूही मारतं. म्हणूनच काही थांब्यांवर फक्त जैविक द्रावणाला परवानगी असते. ओले रुमाल कधीही आत टाकू नका, ते विरघळत नाहीत. साधारण १७ ते २० लिटरची टाकी दोघांना दोन ते चार दिवस पुरते. उन्हाळ्यात ती भरायची वाट न पाहता रोज किंवा एक दिवसाआड रिकामी करा.

प्रश्न: विजेचा खांब असलेल्या थांब्यावर किटली लावली की खांबावरचा स्विच पडतो. घरी तीच किटली नीट चालते.

खांबावर किती अँपिअर मिळतात ते आधी वाचा. २३० व्होल्टवर ६ अँपिअर म्हणजे १,३८० वॅट, १० अँपिअर म्हणजे २,३०० आणि १६ अँपिअर म्हणजे ३,६८० वॅट. घरगुती किटली बहुधा २,००० वॅटची असते, म्हणजे ६ अँपिअरच्या खांबावर ती टिकणारच नाही. कधी स्विच लगेच न पडता काही मिनिटांनी पडतो. भार मर्यादेपेक्षा थोडाच जास्त असेल तर स्विचच्या आतली धातूची पट्टी तापायला वेळ लागतो, म्हणून. फ्रिज आणि बॅटरी चार्जर आपोआप चालू असतात, त्यांचे तीन-चारशे वॅट हिशेबात धरा. ७०० ते १,००० वॅटची प्रवासी किटली घ्या किंवा पाणी गॅसवर तापवा.

किटली बंद असतानाही स्विच पडत असेल, तर ती वीजगळतीची, म्हणजे वीज तारेबाहेर झिरपत असल्याची खूण आहे. गाडीतली सगळी उपकरणं बंद करून एकेक चालू करत जा. बॉयलर किंवा फ्रिजच्या हीटरमध्ये दमट हवा शिरलेली असणं किंवा पावसात प्लग भिजणं, ही नेहमीची कारणं. गाडीतल्या ३० मिलिअँपिअरच्या गळतीरक्षक स्विचवर चाचणीचं बटण असतं. प्रत्येक नव्या जागी वीज जोडल्यावर ते एकदा दाबा. स्विच पडला नाही तर त्या विजेवर राहू नका.

केबल जोडताना आधी गाडीला आणि मग खांबाला जोडा. काढताना उलट: उपकरणं बंद करा, आधी खांबावरून काढा, मग गाडीवरून. म्हणजे हातातल्या मोकळ्या टोकात कधीच वीज नसते. तीन तारांची, २.५ चौरस मिलिमीटरची, रबरी आवरणाची २५ मीटर केबल बहुतेक ठिकाणी पुरते. अंतर पाचच मीटर असलं तरी केबल रिळावरून पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या केबलमधली उष्णता बाहेर पडत नाही, आणि हीटर रात्रभर चालला तर आवरण वितळू शकतं.

प्रश्न: टाकीतल्या पाण्याला शेवाळी वास येतो. पाणी बदललं तरी दोन दिवसांत पुन्हा तेच.

वास पाण्याला नाही, टाकीच्या कोपऱ्यांत आणि नळ्यांच्या आत जमलेल्या बुळबुळीत थराला आहे. नुसतं पाणी बदलून तो जात नाही. गाळणीची कांडी काढून ठेवा, बॉयलर बंद करून थंड होऊ द्या. मग बिनवासाचं, ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट १ लिटर पाण्याला १ मिलिलिटर, म्हणजे १०० लिटरच्या टाकीला १०० मिलिलिटर या प्रमाणात घाला. आधी ते बादलीभर पाण्यात मिसळून ओता, मग टाकी काठोकाठ भरा. गरम आणि थंड दोन्ही बाजूंचा प्रत्येक नळ, आणि शॉवरसुद्धा, क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा. नळ्या विसरल्या तर सगळी मेहनत फुकट जाते. चार तास तसंच राहू द्या, मग पूर्ण रिकामं करून दोनदा स्वच्छ पाण्याने भरा आणि काढा. हे पाणी रस्त्यावर किंवा गवतात न सोडता सांडपाण्याच्या जाळीतच सोडा. बॉयलर स्टेनलेस स्टीलचा असेल तर क्लोरीन त्यात रात्रभर ठेवू नका आणि ते पाणी तापवू नका. धातूला बारीक भोकं पडतात. क्षार काढायला सायट्रिक ॲसिड वापरत असाल तर ते वेगळ्या दिवशी. ॲसिड आणि क्लोरीन एकत्र आले तर विषारी वायू सुटतो.

घाण पुन्हा शिरू नये म्हणून नळावर लक्ष ठेवा. सेवा-खांबावर बहुधा दोन नळ असतात. मोरीजवळचा नळ शौचालयाची टाकी धुण्यासाठी असतो आणि लोक टाकीचं तोंड थेट त्याला टेकवतात. त्या नळाचं पाणी पिण्याच्या टाकीत कधीही घेऊ नका, पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी. पिण्याच्या नळाचं तोंडही पुसून घ्या, मिनिटभर पाणी वाहू द्या आणि नळी स्वतःची, खाद्यदर्जाची वापरा. नळीचं टोक टाकीतल्या पाण्यात बुडू देऊ नका. वापरून झाली की पूर्ण निथळवा आणि दोन्ही टोकं एकमेकांना जोडून ठेवा. सांडपाण्याची नळी वेगळ्या रंगाची आणि वेगळ्या कप्प्यात हवी. क्रमही पाळा: आधी पाणी भरा, हात आणि नळी आवरा, आणि मगच शौचालयाची टाकी काढा.

प्रश्न: थंडीत रात्री गाडीखालून आपोआप पाणी वाहून गेलं. सकाळी बॉयलर रिकामा. गळती कुठे शोधायची?

बहुधा गळती नाहीच. अनेक बॉयलरना गोठण्यापासून बचावाची झडप असते. झडपेजवळचं तापमान सुमारे ३ अंश सेल्सिअसखाली गेलं की ती आपोआप उघडते आणि पाणी सोडून देते, म्हणजे बॉयलर फुटत नाही. ती पुन्हा बंद करायला त्या कोपऱ्याचं तापमान साधारण ७ अंशांच्या वर जावं लागतं, म्हणून आधी गाडी तापवा आणि नंतर पाणी भरा. झडप ज्या कपाटात आहे तिथे गरम हवा पोहोचत नसेल तर कपाटाचं दार रात्री उघडं ठेवा. सांडपाण्याची टाकी गाडीच्या पोटाखाली उघडी असेल तर कडाक्याच्या थंडीत तिचा नळ उघडाच ठेवून खाली बादली लावा. गोठलेला नळ सकाळी उघडत नाही.

प्रश्न: ओल्या गवतावर चाक नुसतं फिरतं. काय करावं?

ॲक्सिलरेटर सोडा. चाक फिरत राहिलं तर खड्डा खोल होत जातो. बऱ्याच मोटरहोम पुढच्या चाकांवर चालतात आणि वजन मागच्या बाजूला असतं, त्यामुळे पुढे पकड कमी मिळते. ट्रॅक्शनच्या (चाकाला पकड देणाऱ्या खडबडीत) पट्ट्या पुढच्या चाकांसमोर नीट खुपसा, दुसऱ्या गिअरमध्ये अगदी हळू निघा, आणि कठीण जमीन लागेपर्यंत थांबू नका. पट्टी मागे उडते, तेव्हा गाडीच्या मागे कोणी उभं राहू नये. मुळात गाडी लावतानाच इंजिन ज्यांना फिरवतं ती चाकं खडी किंवा डांबरावर ठेवा आणि निघताना उतार मिळेल असं तोंड करा.

प्रश्न: झोपलेल्या प्रवाशांच्या गाडीत गुंगीचा वायू सोडून चोरी करतात असं ऐकतो. त्यासाठी वायू ओळखणारं यंत्र घ्यावं का?

ब्रिटनमधल्या 'रॉयल कॉलेज ऑफ अ‍ॅनेस्थेटिस्ट्स' या भूलतज्ज्ञांच्या संस्थेने हे शक्य नसल्याचं स्पष्ट सांगितलं आहे. खिडकीतून ईथर किंवा क्लोरोफॉर्म सोडून माणसं नकळत बेशुद्ध करायची तर प्रचंड मात्रा लागेल, आणि तीव्र वासाने लोक जागे होतील. चोऱ्या होतात त्या गाढ झोपेत, कमकुवत कुलपातून, आणि मोठ्या महामार्गावरच्या विश्रांतिस्थळांवर जास्त. तिथे रात्र न काढणं हाच उत्तम उपाय. पुढच्या दोन्ही दारांना आतून पट्टा किंवा जादा कुलूप लावा आणि चालकाची सीट मोकळी ठेवा.

यंत्र घ्यायचंच तर कार्बन मोनॉक्साइडचं घ्या, कारण हा धोका खरा आहे. या वायूला वास नसतो. गॅसची शेगडी ऊब मिळवायला पेटवणं, पावसामुळे शेगडी-बार्बेक्यू छताखाली किंवा आत घेणं, शेजारच्या जनरेटरचा धूर खिडकीतून येणं, ही त्याची कारणं. बार्बेक्यूतले निखारे विझलेले वाटले तरी तास न् तास वायू सोडतात. गाडीची छतावरची आणि जमिनीवरची हवेची भोकं थंडीतही बुजवू नका. जमिनीवरची भोकं गळलेला स्वयंपाकाचा गॅस बाहेर जाण्यासाठी असतात, कारण तो हवेपेक्षा जड असतो.

प्रश्न: थांब्यावर गॅसवर चालवलेला फ्रिज रात्रभरात नीट थंड होत नाही. थंडीच्या ठिकाणी तर गॅसही मंद जळतो.

ही दोन वेगळी कारणं आहेत. गॅसवर चालणाऱ्या शोषण-प्रकारच्या फ्रिजमध्ये पंप नसतो. अमोनियाचं द्रावण गुरुत्वाकर्षणाने फिरतं, म्हणून गाडी तिरकी असेल तर ते एका जागी अडकतं, थंडावा घटतो आणि दीर्घकाळ तसंच चालवलं तर फ्रिज कायमचा बिघडतो. फ्रिजच्या फळीवर पाणसळ ठेवून बघा आणि उतार दोन-तीन अंशांपेक्षा जास्त असेल तर चाकाखाली उताराचे ठोकळे लावा. कॉम्प्रेसरच्या फ्रिजला ही अडचण तितकी नसते, पण तो बॅटरी खातो. मंद ज्योतीचं कारण सिलिंडरमधलं ब्युटेन. ते उणे ०.५ अंशाखाली वायू होतच नाही, तर प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू होतं. थंडीत शुद्ध प्रोपेनचा सिलिंडर लावा. देश बदलला की सिलिंडरच्या तोंडाचे आटेही बदलतात, म्हणून सीमा ओलांडण्याआधी त्या देशाचं जोडणीचं तोंड बरोबर घ्या, आणि जोडल्यावर साबणाच्या पाण्याने गळती तपासा.