दोन लहान की एक मोठा?

प्रश्न : माझी खाऱ्या पाण्याची मत्स्यटाकी १२० लिटरची आहे. झोअँथिड, मश्रूम असे मऊ प्रवाळ आणि दोन क्लाउनफिश ठेवायचे आहेत. खिसा बेताचा. पाणी फिरवायला एकच दणकट पंप घेऊ का?

उत्तर : नको. ताशी १२०० लिटरचे दोन साधे पंप घ्या. दोन्ही मिळून तासाला टाकीच्या वीसपट पाणी फिरेल. मऊ प्रवाळांना दहा ते वीसपट पुरतं. शिवाय एक बंद पडला तरी दुसरा टाकी सांभाळतो. पहिल्या टाकीत मी एकच मोठा पंप लावला होता. रात्रीत समोरची वाळू उडून काच उघडी पडली आणि दगडामागे मात्र घाण तशीच साचलेली!

दोन्ही पंप समोरासमोरच्या काचांवर, पृष्ठभागाच्या जरा खाली लावा. प्रवाह एकमेकांवर आदळून विस्कटले पाहिजेत. एकाच बाजूने सतत मारा झाला की प्रवाळ मिटून बसतात. पृष्ठभाग हलता राहिला की प्राणवायूही मिसळतो. पातळ धारेऐवजी रुंद झोत देणारा पंप निवडा. वेग बदलणारे डीसी पंप छान, पण तुमच्या प्रवाळांसाठी ती चैनच. वाचलेले पैसे खारेपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर घाला.

दर दोन-तीन महिन्यांनी पंप पाणी मिसळलेल्या व्हिनेगरमध्ये तासभर चालवा, पांढरा थर निघतो. आणि पुढेमागे अ‍ॅनिमोन (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) आणलाच, तर आधी पंपाच्या पाणी ओढणाऱ्या तोंडाला स्पंज बांधा. अ‍ॅनिमोन चालत चालत थेट पात्यात शिरतो. माझा शिरला होता.